गोळी खाल्ल्याने निदान अचूक येतं का?

प्रश्न : ‘हाऊस’ ही अमेरिकी मालिका आम्ही घरात सगळे मिळून पाहतो आहोत. त्यातला डॉक्टर पाय दुखतो म्हणून दिवसभर गोळ्या तोंडात टाकत असतो आणि तरीही कुणाला न सापडलेलं निदान त्यालाच सापडतं. माझी मुलगी मेडिकलची तयारी करते आहे. तिचं म्हणणं, त्याची हुशारी त्या गोळ्यांवरच चालते. असं खरंच असतं का? ती गोळी आपल्याकडे मिळते का? खरे डॉक्टर असे अडकतात का आणि अडकले तर पुढे त्यांचं काय होतं? आणखी एक. माझ्या आईला मणक्याच्या दुखण्यासाठी डॉक्टरांनी ट्रॅमाडॉल दिलं आहे. मालिका पाहिल्यापासून ती गोळी घ्यायला घाबरते. तिला काय सांगू?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : तुमच्या मुख्य प्रश्नांची उत्तरं आधी थोडक्यात देऊन टाकूया. गोळीमुळे हुशारी येत नाही आणि टिकतही नाही. खरे डॉक्टर अडकतात, पण नीट उपचार आणि देखरेख मिळाली तर त्यांच्यातले बहुतेक जण बाहेर येतात. आईंनी घाबरून गोळी स्वतःहून बंद करू नये. या सगळ्या उत्तरांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. ग्रेगरी हाऊस स्वतःच्या दुखण्याचा डॉक्टर स्वतःच होऊन बसला आणि त्याला ‘नाही’ म्हणू शकेल असं माणूस त्याने जवळ ठेवलं नाही. गोळीने नुकसान केलं ते या मोकळ्या रानात.

ती गोळी कोणती?

ही मालिका अमेरिकेत फॉक्स वाहिनीवर नोव्हेंबर २००४ ते मे २०१२ या काळात आठ पर्वांमध्ये दाखवली गेली. ह्यू लॉरी या इंग्लिश नटाने रंगवलेला हाऊस हा अवघड निदानांचा तज्ज्ञ. त्याच्या उजव्या मांडीच्या स्नायूचा रक्तपुरवठा गुठळीमुळे तुटला, निदानाला उशीर झाला आणि स्नायूचा काही भाग मेला. पाय कापून घ्यायला त्याने नकार दिला. तो बेशुद्ध असताना त्याच्या जोडीदारणीने मधला मार्ग मान्य केला आणि मेलेला स्नायू काढून टाकण्यात आला. पाय वाचला, पण वेदना कायमची मागे लागली. हे मुद्दाम सांगतो आहे, कारण हाऊसची वेदना खोटी नाही. मौजेसाठी गोळी घेणारा माणूस तो नव्हे. वेदनाशामकांच्या सवयीत अडकलेली अनेक माणसं अशीच एका खऱ्या दुखण्यातून तिथे पोचलेली असतात.

तो घेतो ती गोळी म्हणजे व्हायकोडिन. तिच्यात दोन औषधं असतात : हायड्रोकोडोन आणि आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं पॅरासिटामॉल. हायड्रोकोडोन हे अफूच्या कुळातलं. मॉर्फिन, कोडीन, ट्रॅमाडॉल, फेन्टॅनिल आणि हेरॉइन या सगळ्यांचं काम मेंदूतल्या त्याच ठिकाणी चालतं. तिथे वेदनेची तीव्रता कमी होते, मनाला सुखद सैलपणा येतो आणि श्वासाची गतीही मंदावते. रोज घेत राहिलं की शरीर सरावतं. पहिल्या महिन्यात एका गोळीने जो आराम पडत होता, त्याला पुढे दोन लागतात, मग चार. अचानक थांबवलं तर नाक-डोळे वाहणं, घाम, अंगावर काटा, जुलाब, हाडं मोडल्यासारखं दुखणं, झोप उडणं हे सगळं सुरू होतं. गर्दच्या, म्हणजे हेरॉइनच्या, विळख्यातून गेलेली मुलं यालाच ‘टर्की’ म्हणतात. आणखी एक चकवा असा, की या गटातली औषधं दीर्घकाळ मोठ्या मात्रेत घेतल्यावर काही जणांमध्ये वेदनेची जाणीव उलट वाढते. मग दुखतं म्हणून गोळी आणि गोळीमुळे दुखणं, असा फेरा सुरू होतो.

या गोळीतलं पॅरासिटामॉलही दुर्लक्ष करण्यासारखं नाही. मालिका सुरू झाली त्या काळात व्हायकोडिनच्या साध्या गोळीत ते ५०० मिलिग्रॅम असे. मोठ्या माणसाने दिवसात ४ ग्रॅमच्या वर जाऊ नये, म्हणजे आठ गोळ्यांतच मर्यादा संपते. पडद्यावर हाऊस ज्या सहजतेने डबी तोंडात रिकामी करतो, तसं खऱ्या आयुष्यात केलं तर यकृत धोक्यात येईल. याच भीतीपोटी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्ये अशा मिश्र गोळ्यांतलं पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅमपर्यंत खाली आणायला सांगितलं. २०१४ मध्ये हायड्रोकोडोनच्या मिश्र गोळ्या तिथे अधिक कडक नियंत्रणाच्या यादीत गेल्या.

आपल्याकडे काय मिळतं?

व्हायकोडिन आपल्या औषधांच्या दुकानांतली गोळी नाही. आपल्याकडची नावं वेगळी आहेत : ट्रॅमाडॉल, टॅपेन्टाडॉल, कोडीनयुक्त खोकल्याची औषधं, पेन्टाझोसिनचं इंजेक्शन. एके काळी प्रॉक्सिव्हॉन हे नाव फार ऐकू येई. त्यातल्या डेक्स्ट्रोप्रोपॉक्सिफिनवर केंद्र सरकारने २०१३ मध्ये बंदी आणली. ट्रॅमाडॉल आणि पेन्टाझोसिन २०१४ पासून ‘शेड्यूल एच-१’मध्ये आहेत. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत आणि दुकानदाराला रुग्णाचं व डॉक्टरांचं नाव वेगळ्या वहीत नोंदवून ती वही तीन वर्षं जपावी लागते. एप्रिल २०१८ पासून ट्रॅमाडॉल अमली पदार्थविरोधी कायद्याच्या, म्हणजे एनडीपीएसच्या, कक्षेतही आलं.

हे नियम उगाच आलेले नाहीत. दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी केलेली देशव्यापी पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. १० ते ७५ या वयोगटात आदल्या वर्षभरात अफूच्या कुळातला कोणताही पदार्थ नशेसाठी घेतलेल्यांचं प्रमाण २.०६ टक्के निघालं. त्यात हेरॉइनचं १.१४ टक्के आणि औषध म्हणून बनलेल्या गोळ्या-इंजेक्शनांचं ०.९६ टक्के. गर्दची भीती आपल्या मनात पक्की बसली आहे आणि ती बसायलाच हवी. पण तिच्या जवळपास पोचणारी संख्या औषधाच्या पाकिटातून येते आहे, हे पालकांनी आणि डॉक्टरांनी लक्षात घ्यायला हवं.

आईंना काय सांगायचं?

आईंना पहिली गोष्ट सांगा, की डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत, ठरवलेल्या मुदतीपुरती गोळी घेणं म्हणजे व्यसन नव्हे. काही आठवडे रोज घेतल्यावर शरीर त्या औषधाला सरावतं, म्हणून बंद करताना मात्रा हळूहळू उतरवावी लागते. असं सरावणं कुणाच्याही शरीराचं होईल. व्यसन म्हणायचं ते वेगळ्या लक्षणांवरून : दुखणं नसतानाही गोळीची ओढ, ठरल्यापेक्षा जास्त घेणं, त्याबद्दल घरच्यांशी खोटं बोलणं, दोन-तीन डॉक्टरांकडून चिठ्ठ्या जमवणं, नुकसान दिसत असूनही थांबता न येणं.

दुसरी गोष्ट, पुढच्या भेटीत डॉक्टरांना तीन प्रश्न स्पष्ट विचारा. ही गोळी किती दिवस घ्यायची? बंद कशी करायची? गोळीशिवाय आणखी काय करता येईल? मणक्याच्या जुनाट दुखण्यात फिजिओथेरपी, रोजचा हलका व्यायाम, वजन, झोप आणि मनाचा ताण यांच्यावर काम करावंच लागतं. नुसत्या गोळीवर ते दुखणं वर्षानुवर्षं रेटता येत नाही.

तिसरी गोष्ट सुरक्षिततेची. झोपेच्या गोळ्या किंवा दारू यांच्यासोबत ट्रॅमाडॉल घेऊ नये, श्वास मंदावण्याचा धोका असतो. फिट येण्याचा इतिहास असेल किंवा नैराश्याची औषधं चालू असतील तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. उरलेल्या गोळ्या घरात पडू देऊ नका आणि ‘मला गुण आला, तूही घेऊन बघ’ म्हणत शेजारी तर मुळीच देऊ नका.

वेदनाशामकांची भीती वाढली की तिचा फटका ज्यांना ती खरोखर लागतात त्यांना बसतो. पुण्यातच वारज्याला सिपला संस्थेचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ पासून कॅन्सरच्या रुग्णांची मोफत सेवा करतं आहे. अशा सेवेत मॉर्फिनला पर्याय नसतो. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यातल्या परवान्यांच्या जंजाळामुळे आपल्या देशात कॅन्सरचे असंख्य रुग्ण तळमळत राहिले. म्हणूनच २०१४ मध्ये कायदा सुधारावा लागला आणि मॉर्फिनसह सहा औषधं ‘अत्यावश्यक’ म्हणून वेगळी काढून त्यांचे नियम सुटसुटीत केले गेले. त्या सहांत हायड्रोकोडोनही आहे. एकाच कुळातली औषधं एका माणसाला उद्ध्वस्त करतात आणि दुसऱ्याला शेवटचे महिने सुसह्य करून देतात. मात्रा कोण ठरवतं आणि रुग्णावर लक्ष कोण ठेवतं, यावर ते अवलंबून असतं.

मग त्याची हुशारी?

तुमच्या मुलीला जे वाटलं ते मालिकेने प्रेक्षकाला वाटावं असं रचलेलंच आहे. पाचव्या पर्वात हाऊस मेथाडोन हे याच कुळातलं औषध घेऊ लागतो, त्याची वेदना थांबते, तो लंगडायचा थांबतो, माणसांशी बरा वागू लागतो. मग एका मुलाच्या उपचारात चूक होते आणि हाऊस ठरवतो, की वेदना गेल्यामुळे आपली धार गेली. तो परत व्हायकोडिनकडे जातो. नाट्य म्हणून हे प्रभावी आहे. वैद्यक म्हणून ही व्यसनाने स्वतःसाठी तयार केलेली सबब आहे. ‘घेतल्याशिवाय माझं डोकं चालत नाही’ हे वाक्य व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्या कुणालाही नवीन नाही. ते प्रामाणिकपणे म्हटलेलं असतं, कारण गोळी उतरू लागली की अस्वस्थतेत खरोखरच डोकं चालत नाही आणि गोळी घेतल्यावर माणूस निदान पूर्वपदावर येतो. त्याला वाटतं गोळीने बुद्धी दिली. गोळीने फक्त आपणच केलेला खड्डा बुजवलेला असतो.

त्याच मालिकेत पुढचं सत्यही दाखवलं आहे. पाचव्या पर्वाच्या अखेरीस हाऊसला नसलेली माणसं दिसू लागतात, घडलेलं काय आणि मनाचं काय हे त्याचं त्यालाच कळेनासं होतं. ज्या मेंदूच्या जोरावर तो जगत होता तोच दगा देतो, तेव्हा तो मनोरुग्णालयात दाखल होतो. व्हायकोडिनने असेच भास होतील असं नाही, पण व्यसनाची शेवटची किंमत बुद्धीनेच मोजावी लागते, हे लेखकांनी ओळखलं होतं.

हाऊस हा शेरलॉक होम्सवरून घडवलेला आहे. घराचा क्रमांक २२१बी, जिवलग मित्र विल्सन म्हणजे वॉटसन. होम्सचा निर्माता आर्थर कॉनन डॉइल स्वतः डॉक्टर होता. होम्स कोकेनचं सात टक्क्यांचं द्रावण टोचून घेतो, ते हाताशी प्रकरण नसताना, कंटाळा असह्य झाल्यावर. गुन्हा उलगडायला तो कोकेन घेत नाही. काम समोर आलं की सुई बाजूला पडते. डॉक्टर असलेल्या लेखकाने बुद्धी आणि नशा यांना असं वेगळं ठेवलं होतं. शंभर वर्षांनंतरच्या प्रेक्षकाने त्यांची गल्लत करू नये.

असे खरे डॉक्टर होते का?

होते आणि आहेत. सर्वांत ठळक नाव विल्यम स्टुअर्ट हॉलस्टेड यांचं. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे हे पहिले मोठे सर्जन. शस्त्रक्रियेत रबरी हातमोजे रुजवण्याचं श्रेय त्यांना जातं आणि सर्जन घडवण्याची आजची निवासी पद्धतही त्यांच्याकडून आली. १८८४ मध्ये कोकेनने भूल देता येते हे कळल्यावर त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःवरच प्रयोग केले. त्यातले काही सहकारी त्यातच संपले. हॉलस्टेड कोकेनमधून सुटायला गेले आणि मॉर्फिनमध्ये अडकले. त्यांचे सहकारी विल्यम ऑस्लर यांनी ही गोष्ट एका गुप्त टिपणात लिहून ठेवली. ते टिपण १९६९ मध्ये उघडलं गेलं, तेव्हा जगाला कळलं की ते थोर सर्जन रोज सुमारे २०० मिलिग्रॅम मॉर्फिन घेत होते.

मग हॉलस्टेड नशेत असूनही थोर झाले, असं तुमची मुलगी म्हणू शकेल. त्यांच्या चरित्राकडे पाहिलं तर उलट दिसतं. तरुणपणी ते धडाडीचे, झपाट्याने काम करणारे, माणसांत रमणारे होते. नंतरचे हॉलस्टेड एकलकोंडे, महिनोन्‌महिने दृष्टीआड होणारे. त्यांनी जे उभं केलं ते व्यसन असूनही उभं केलं, आणि १९२२ मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत मदत मागायला त्यांना जागा नव्हती.

डॉक्टर यात का अडकतात याची कारणं साधी आहेत. औषध हाताशी असतं. रात्र रात्र जागरणं असतात. ‘मला मात्रा कळते, मी सांभाळीन’ असा विश्वास असतो. भूलतज्ज्ञांमध्ये हा धोका विशेष मानला जातो, कारण तीव्र औषधं रोज त्यांच्याच हातून जातात. आपल्याकडच्या व्यसनोपचाराच्या वैद्यकीय लिखाणात डॉक्टर आणि नर्स यांच्या संदर्भात पेन्टाझोसिनचं इंजेक्शन पुन्हा पुन्हा येतं. टोचून टोचून दंड आणि मांड्या कडक होतात, जखमा चिघळतात, पण लांब बाह्यांच्या ॲप्रनखाली ते झाकलं जातं. आणि सर्वांत मोठं कारण म्हणजे लाज. रुग्णाला ‘लपवू नका’ असं सांगणारा माणूस स्वतःचं मात्र लपवतो, कारण नाव जाईल, नोंदणी जाईल, लग्न मोडेल.

हाऊसच्या भोवतीची माणसं पाहा. विल्सन मित्र म्हणून चिठ्ठ्या लिहून देतो. हाऊस त्याच्या चिठ्ठ्यांवर खोट्या सह्याही करतो. पहिल्या पर्वात त्याची वरिष्ठ कडी पैज लावते, आठवडाभर गोळीशिवाय राहून दाखव. तो यातनेत स्वतःचीच बोटं ठेचून घेतो, पैज जिंकतो, व्यसन असल्याचं कबूल करतो आणि ते अडचणीचं नाही असंही ठरवून टाकतो. पैज, टोमणे, मैत्रीखातर दिलेली चिठ्ठी, सगळं आहे. उपचार करणारा डॉक्टर मात्र कितीतरी वर्षं नाही. तुमची मुलगी उद्या डॉक्टर होईल तेव्हा तिने पहिला नियम हाच पाळावा : स्वतःला आणि मित्राला अशी औषधं लिहून द्यायची नाहीत, आणि स्वतःच्या आजारपणासाठी दुसरा डॉक्टर ठेवायचा.

बाहेर पडता येतं का? पुण्यात कुठे जायचं?

येतं. अमेरिकेत राज्याराज्यांत डॉक्टरांसाठी खास कार्यक्रम आहेत. उपचार, मग पाच-पाच वर्षं अचानक होणाऱ्या लघवीच्या चाचण्या, गटाचा आधार, आणि नीट राहिलं तर पुन्हा काम. अशा १६ राज्यांतल्या ९०४ डॉक्टरांचा अभ्यास २००८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. पाच वर्षांच्या देखरेखीत ७८ टक्के डॉक्टरांची एकही चाचणी दोषी निघाली नाही. व्यसनोपचारात इतका चांगला निकाल क्वचितच दिसतो. शिक्षेच्या धाकाइतकाच त्यात सन्मानाने परत येण्याचा रस्ता महत्त्वाचा होता. अशी बांधीव व्यवस्था आपल्या वैद्यकीय संघटनांनी आणि परिषदांनी उभी करायला हवी. ही मागणी रुग्णांनीही करायला हवी, कारण त्यात त्यांचाही जीव आहे.

पुण्याला या कामाची मोठी परंपरा आहे. डॉ. अनिल अवचट आणि डॉ. सुनंदा (अनिता) अवचट, दोघेही बी. जे. मेडिकल कॉलेजचे. अवचटांनी गर्दवर लिहिलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी दिली आणि १९८६ मध्ये येरवड्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. सुनंदाताई त्याच परिसरातल्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. त्यांनी रुग्णाला गुन्हेगार न समजता आजारी माणूस समजून वागवायची रीत घालून दिली. त्या १९९७ मध्ये गेल्या, अनिल अवचट २०२२ मध्ये. त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर हे काम पुढे नेते आहे. तिथे व्यसनातून बाहेर आलेली माणसं समुपदेशक म्हणून उभी आहेत आणि स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग आहे. व्यसनी माणसाच्या पदव्या कितीही असोत, गटात बसल्यावर तो इतरांसारखाच एक रुग्णमित्र असतो. स्वतःच स्वतःचा डॉक्टर होऊन बसलेल्या माणसाला हीच गोष्ट सर्वांत जास्त लागते.

उपचारही पुढे गेले आहेत. पहिले काही दिवस टर्की औषधांनी सुसह्य करता येते. नंतर काहींना ब्युप्रेनॉर्फिन, काहींना नाल्ट्रेक्सोन देऊन पुन्हा घसरण्याचा धोका कमी करतात. त्याबरोबर समुपदेशन आणि फॉलोअप चालू ठेवावा लागतो. घसरलं तरी सगळं संपलं असं नसतं. मधुमेह बिघडला की पुन्हा दवाखान्यात जातो, तसंच इथेही पुन्हा जायचं असतं. कायद्याची भीती वाटत असेल तर एनडीपीएस कायद्याचं कलम ६४-अ माहीत असू द्या : व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेऊन ते पूर्ण करत असेल, तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे आणि १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा.

तुमच्या ओळखीत एखादा डॉक्टर, नर्स किंवा फार्मासिस्ट या वाटेवर दिसला तर गप्प राहून त्याची इज्जत वाचवू नका. त्याच्याशी एकांतात बोला, ‘मी सोबत येतो’ म्हणा आणि खरंच सोबत जा. विल्सनने हे आधी केलं असतं तर हाऊसची बरीच वर्षं वाचली असती. मालिकेत ती वर्षं फुकट गेली तरी चालतं. आपल्या माणसांच्या बाबतीत ते चालवून घेऊ नका.